टॉवर क्रेनच्या केबिनमधली शिफ्ट: नव्या ऑपरेटरसाठी

लोअर परळ, वरळी किंवा ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींच्या कामावर क्रेनमध्ये नवा माणूस बसतो, तो बहुतेक वेळा खालूनच वर आलेला असतो. आधी खलाशी, मग रिगर (माल बांधणारा), मग सिग्नलमन (ऑपरेटरला इशारे देणारा) आणि शेवटी जुन्या ऑपरेटरशेजारी उभं राहून शिकलेला. जॉयस्टिक हलवणं लवकर जमतं. माल उचलायचा की नाही हे ठरवायला मात्र वेळ लागतो, आणि ऑपरेटरचं खरं काम तेच आहे. खालची माहिती आडव्या जिबच्या (जिब म्हणजे क्रेनचा लांब हात), ट्रॉलीवाल्या (जिबवर आत-बाहेर धावणारी, हुक टांगलेली गाडी) इलेक्ट्रिक क्रेनसाठी आहे. जिब वर-खाली होणाऱ्या लफिंग क्रेनचा फरक गरज पडेल तिथे सांगितला आहे. मॅन्युअल आणि लोड चार्ट (किती अंतरावर किती वजन उचलायचं त्याचा तक्ता) मात्र तुमच्याच क्रेनचा बघायचा, शेजारच्या साइटवरच्या क्रेनचा नाही.

खाली, शिडीला हात लावण्याआधी

पायापासून सुरुवात करा. पावसाळ्यात फाउंडेशनच्या खड्ड्यात पाणी साचतं, खालचे जोड पाण्यात राहतात आणि गंज दिसत नाही. पाणी उपसलेलं नसेल तर आधी ते करून घ्या. मास्टच्या, म्हणजे क्रेनच्या उभ्या मनोऱ्याच्या, खालच्या दोन-तीन सेक्शनचे बोल्ट किंवा पिना बघा. पिन जागेवर आहे एवढं पुरेसं नाही, तिची कॉटर पिन (ती निसटू नये म्हणून घातलेली छोटी दुटोकी खीळ) आत आहे का आणि तिची टोकं वळवलेली आहेत का ते बघायचं. कॉटर पिनच्या जागी सळईचा तुकडा किंवा बाइंडिंग वायर दिसली तर चढू नका, मेकॅनिकला बोलवा. अर्थिंगची पट्टी तुटलेली नाही आणि मेन केबल कुठे दबलेली किंवा सोललेली नाही हेही बघा. लांब केबलमुळे व्होल्टेज फार पडलं तर हॉइस्टची (हुक वर-खाली करणाऱ्या यंत्रणेची) मोटर तापते आणि ब्रेक नीट उघडत नाही, त्यामुळे पॅनेलवरचा आकडा रोज लिहून ठेवलेला बरा.

मग मागच्या शिफ्टची लॉगबुक वाचा. रात्रीच्या ऑपरेटरनं "स्विंगला आवाज" (स्विंग म्हणजे जिबचं गोल फिरणं) एवढंच लिहिलं असेल तरी त्याला फोन करून नेमकं काय ते विचारा.

शिडी

बहुतेक मास्ट सेक्शन ३ मीटरचे असतात आणि मधे मधे विसाव्याचे प्लॅटफॉर्म असतात. दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय, असे तीन आधार कायम शिडीवर हवेत. हातात काहीही नको. डबा, पाणी, हत्यारं पाठीच्या सॅकमध्ये किंवा दोरीनं वर ओढून घ्यायची. फुल बॉडी हार्नेस आणि दोन लॅनयार्ड (हार्नेसचे अडकवायचे दोर) लावा, म्हणजे एक सोडताना दुसरा अडकलेला राहतो. प्रत्येक प्लॅटफॉर्मवरचं झाकण पार झाल्यावर बंद करायचं. उघडं राहिलं तर वरून निसटलेला पाना थेट खालच्या माणसाच्या डोक्यावर येतो.

क्रेन इमारतीला टायनं बांधलेली असेल तर काही साइटवर पॅसेंजर हॉइस्टनं मजल्यावर जाऊन छोट्या पुलावरून मास्टमध्ये शिरता येतं. हा पूल रेलिंगसह पक्का हवा. दोन फळ्या टाकून केलेल्या पुलावरून जाण्यापेक्षा पूर्ण शिडी चढलेली परवडली. वर पोचल्यावर दम खाली बसू द्या, मगच खुर्चीत बसा. धापा टाकत केलेल्या पहिल्या उचलीत हात जड पडतो.

रिकाम्या हुकानं तपासणी

पॉवर देण्याआधी दोन्ही जॉयस्टिक मधोमध आहेत ना ते बघा आणि हॉर्न वाजवा. त्यानंतर एकेक हालचाल कमी वेगात करायची. हुक वर नेऊन वरच्या लिमिटला थांबतो का, ट्रॉली आत-बाहेर दोन्ही टोकांना थांबते का, स्विंग दोन्ही बाजूंना फिरून लिमिटला थांबतो का ते बघा. ज्या क्रेनवर कलेक्टर रिंग (फिरत्या भागाला वीज पोचवणारी कडी) नसते तिथे केबलला पीळ पडू नये म्हणून स्विंगला मर्यादित फेऱ्याच मिळतात. ते लिमिट बिघडलं तर केबल तुटेपर्यंत क्रेन फिरत राहील. हुक सर्वांत खाली असताना ड्रमवर किमान ३ वेढे उरले पाहिजेत.

लोड लिमिटर (वजन जास्त झालं की थांबवणारा) आणि मोमेंट लिमिटर (वजन आणि अंतर मिळून जास्त झालं की थांबवणारा) तपासायला साइटवर वजन माहीत असलेला काँक्रीटचा ठोकळा ठेवलेला असतो, आणि किती रेडियसवर (मास्टपासूनच्या अंतरावर) सिस्टिमनं थांबवायला हवं ते त्याच्यावर रंगवलेलं असतं. ठोकळा जमिनीपासून जेमतेम वर धरून ट्रॉली हळूहळू बाहेर काढा. आधी इशाऱ्याचा बझर आणि मग कट-ऑफ आला पाहिजे. कट-ऑफनंतर हुक वर आणि ट्रॉली बाहेर जात नाही, पण हुक खाली आणि ट्रॉली आत चालू राहते. सुटकेचा मार्ग तेवढाच असतो आणि तो ठेवलेला असतो मुद्दाम. काही साइटवर "लिमिटर फार लवकर बोलतो" म्हणून त्याच्या स्विचमध्ये खिळा घातलेला किंवा वायर जोडलेली सापडते. अशी क्रेन चालवू नका. तोंडी सांगून भागत नाही, लॉगबुकमध्ये लिहून खाली या.

वजन आणि अंतर

क्रेनला वजन पेलायचं असतं ते अंतरासकट. दीड टन माल ४० मीटरवर धरला तर ६० टन-मीटर झाले. त्याच ६० टन-मीटरला २.८ टनाची काँक्रीटनं भरलेली बकेट सुमारे २१ मीटरवरच पोचते. हा हिशोब फक्त समजण्यापुरता. जिब आणि ट्रॉलीचं स्वतःचं वजन त्यात धरावं लागतं, म्हणून प्रत्यक्षात लोड चार्टमधला आकडाच खरा. चार्ट केबिनमध्ये डोळ्यांसमोर चिकटवलेला हवा. सध्याच्या जिबच्या लांबीचा आणि सध्याच्या रोपच्या फॉलचाच (हुक धरणाऱ्या रोपच्या पदरांचाच) हवा. दोन फॉलवरून चार फॉल केले की जास्त वजन उचलता येतं, पण वेग निम्मा होतो आणि चार्टही बदलतो.

खालून येणारं वजन ऐकीव असतं, म्हणून स्वतः हिशोब करता आला पाहिजे. एक घनमीटर काँक्रीट साधारण २.४ ते २.५ टन भरतं. त्यात बकेटचे तीन-चारशे किलो मिळवा. चार्ट कशापासून मोजला आहे हेही पाहा, कारण हुक ब्लॉक, स्लिंग (माल बांधायचा दोर किंवा पट्टा), शॅकल (जोडायची कडी) हे सगळं वजनातच मोजायचं असेल तर तेवढं कमी करावं लागतं. सळईचं वजन काढायचा नियम साइटवरच्या प्रत्येकाला माहीत असतो: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरमागे किलो. त्यानुसार १२ मीटरची १६ एमएमची एक सळई सुमारे १९ किलो, २० एमएमची २९.६, २५ एमएमची ४६.३ आणि ३२ एमएमची जवळजवळ ७६ किलो. २० एमएमच्या साठ सळयांचं बंडल म्हणजे पावणेदोन टनांहून थोडं जास्त. "हलकंच आहे, उचल" असं रेडिओवर ऐकलं की व्यास किती आणि नग किती, हे दोन प्रश्न विचारा.

काही मालाचं वजन कोणीच सांगू शकत नाही. काँक्रीटला चिकटलेलं शटरिंग, मातीत रुतलेली शीट पाइल, दुसऱ्या मालाखाली अडकलेली बीम. क्रेननं ओढून सोडवायला गेलात तर रोपवरचा ताण मालाच्या वजनाच्या कितीतरी पट होतो, आणि माल सुटला की तो ताण एका झटक्यात जिबमधून निघतो. शटरिंग हातानं, पहारीनं, जॅकनं आधी सुटं करायचं. ते मोकळं हलताना दिसल्यावरच हुक लावू द्या.

बांधणी केबिनमधून कशी तपासायची

बांधणी रिगर करतो, पण उचलणार तुम्ही. दोन पायांच्या स्लिंगमध्ये कोन महत्त्वाचा. दोन टनाच्या मालाला स्लिंगचा पाय आडव्या रेषेशी ६० अंशांत असेल तर प्रत्येक पायावर सुमारे ११५५ किलो ताण येतो. ४५ अंशांत तो १४१४ होतो आणि ३० अंशांत पूर्ण २००० किलो. स्लिंग जितकी पसरट, तितका ताण जास्त. वरून बघताना हुकाखालचा त्रिकोण फार बसका वाटला तर लांब स्लिंग लावायला सांगा.

पट्ट्याच्या स्लिंगचा रंग क्षमता सांगतो: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, राखाडी ४, लाल ५. ही क्षमता सरळ उचलीची. चोकर करून गळफास घातला की ८० टक्केच धरायची. पट्टा धारेवरून जात असेल तर मधे कॉर्नर प्रोटेक्टर हवा, नाहीतर पट्टा कापला जातो. सळईच्या बंडलला दोन ठिकाणी दुहेरी वेढा घालून चोकर करायचा. कारखान्यातून बंडलला आलेली बांधणीची तार उचलण्यासाठी नसते. तिच्यात हुक घातलेला दिसला तर उचलायचं नाही. पाइप, कपलर, प्रॉप असा सुटा माल बंद पेटीत किंवा जाळीच्या पिंजऱ्यातच वर जावा.

उचल

१. हुक मालाच्या गुरुत्वमध्याच्या बरोबर वर आणा. तिरका ओढलात तर माल जमिनीवरून घसरत येतो, आणि जिबवर आडवा ताण पडतो. जिब त्या ताणासाठी बनवलेली नसते.

२. ढिली स्लिंग अगदी कमी वेगात ताणा. हुक जमिनीवर टेकवून रोप सैल सोडू नका. ड्रमवरचे वेढे एकमेकांवर चढतात आणि पुढच्या उचलीत रोप चिरडला जातो.

३. माल २० ते ३० सेंटिमीटर उचलून थांबा. ब्रेक धरतोय का, माल कलतोय का, डिस्प्लेवरचं वजन तुमच्या हिशोबाशी जुळतंय का ते बघा. फरक मोठा असेल तर माल खाली ठेवा आणि आधी कारण शोधा.

४. माल उचलला की जिब थोडी वाकते आणि माल बाहेरच्या बाजूला सरकतो. म्हणून रिगरनं मालाच्या बाहेरच्या बाजूला कधीही उभं राहू नये. भिंतीला लागून ठेवलेला माल उचलतानाही हे लक्षात ठेवा.

५. लोकांच्या वर ४-५ मीटर मोकळी जागा मिळेपर्यंत सरळ वर न्या, मग फिरवा. माणसांच्या डोक्यावरून माल न्यायचा नाही. वाट बंद करता येत नसेल तर हॉर्न देऊन थांबा.

झोका मोडणं

नवा ऑपरेटर ओळखू येतो तो झोक्यावरून. ट्रॉलीपासून मालापर्यंत दोर १० मीटर असेल तर माल पुढे जाऊन परत यायला सुमारे ६ सेकंद लागतात. ४० मीटरला जवळजवळ १३ सेकंद आणि ६० मीटरला साडेपंधरा. मालाच्या वजनाचा याच्याशी संबंध नाही, लांबीचाच आहे. म्हणून खालच्या मजल्यावर शिकलेला हात लांब दोरावर फसतो: तो झोका संपायच्या आत दुसरी हालचाल देतो आणि झोका वाढवतो.

थांबवायची रीत अशी. जागेच्या बऱ्याच आधी स्विंगचा वेग निम्मा करा. माल पुढे जाईल, जाऊ द्या. अर्ध्या झोक्याएवढा वेळ थांबा, म्हणजे ४० मीटर दोराला साधारण ६ सेकंद. माल पुढे जाऊन पुन्हा जिबच्या खाली येईल, आणि त्या क्षणी तो जमिनीच्या मानानं जवळजवळ स्थिर असतो. नेमक्या तेव्हा उरलेला वेग शून्य करा. माल जिथल्या तिथे उभा राहतो. सुरुवातही तशीच करायची: आधी निम्मा वेग, अर्धा झोका थांबून पूर्ण वेग. ट्रॉलीलाही हेच लागू. सुरुवातीला रिकाम्या हुकावर, नंतर टेस्ट ठोकळ्यावर, मोजत मोजत सराव करा. काही दिवसांनी मोजावं लागत नाही.

तरी झोका उरलाच तर माल ज्या बाजूला जातोय त्या बाजूला थोडं पुढे जाऊन त्याच्या डोक्यावर पोचायचं. उलट्या दिशेला जॉयस्टिक मारून स्विंग थांबवू नका. त्यानं गिअरबॉक्स आणि जिब दोन्हींना पीळ पडतो. स्विंग ब्रेक थांबलेली जिब धरून ठेवण्यासाठी असतो, फिरती जिब थांबवण्यासाठी नाही.

काँक्रीट बकेट

स्लॅबच्या दिवशी सगळ्यांत जास्त घाई याच कामात असते आणि सगळ्यांत जास्त बोटं, मनगटं इथेच चेंगरतात. भरलेल्या बकेटच्या वजनानं जिब खाली वाकलेली असते. खालच्या माणसानं बकेटचं तोंड एकदम पूर्ण उघडलं की काही सेकंदांत दोन-अडीच टन निघून जातात, जिब वर उसळते आणि बकेट तिच्यासोबत उडी मारते. हँडल धरलेला माणूस तिच्याबरोबर ओढला जातो किंवा बकेटचा काठ त्याच्या हनुवटीला लागतो. म्हणून तोंड थोडं थोडं उघडायला सांगा, आणि माल निघत असताना हुक थोडा थोडा खाली घेत राहा. कॉलमला ओतताना बकेट शटरिंगच्या काठाला टेकवायची नाही, हातभर वर ठेवायची. तोंड अडकलं तर हातोडी मारायला बकेटखाली कोणी जाऊ नये. बकेट खाली नेऊन, टेकवून मगच मोकळी करायची.

दिसत नसलेली उचल

इमारत वर आली की खालचा माल दिसेनासा होतो, आणि मग रेडिओ हेच तुमचे डोळे. साइटवरची भाषा बहुतेक हिंदी-इंग्रजीची सरमिसळ असते. हॉइस्ट अप, लोअर, स्विंग लेफ्ट, ट्रॉली इन. जुने खलाशी अजूनही उचलायला हाबीस आणि सोडायला आरिया म्हणतात. कोणतेही शब्द चालतील, पण शिफ्टच्या आधी ठरलेले आणि सगळ्यांचे तेच हवेत. डावं-उजवं नेहमी ऑपरेटरच्या केबिनमधून बघितल्यासारखं धरायचं, हेही ठरवून घ्या. "थोडा" म्हणजे किती हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून अंतर मीटरमध्ये सांगायला लावा: "दोन मीटर लोअर, एक मीटर, अर्धा, बस."

हालचाल चालू असेपर्यंत सिग्नलमननं बोलत राहायचं. आवाज तुटला की माल तिथेच थांबवायचा. बॅटरी संपली असेल, चॅनेलवर दुसरं कोणी आलं असेल किंवा माणूस पडला असेल, कारण नंतर बघता येतं. खाली एक आणि वर एक असे दोन सिग्नलमन असतील तर ताबा बदलताना "कमांड वर घेतली" असं वरच्यानं स्पष्ट म्हणावं आणि तुम्ही ते परत म्हणावं. एका वेळी एकाचंच ऐकायचं. "स्टॉप" याला अपवाद. तो कोणीही, अगदी शेजारून जाणाऱ्या गवंड्यानं दिला तरी थांबायचं.

रेडिओ बंद पडला तर हाताचे इशारे: तर्जनी वर करून लहान गोल म्हणजे उचल, तर्जनी खाली करून गोल म्हणजे सोड, हात बाजूला पसरून तळवा खाली आणि आडवा हलवला म्हणजे थांब. इशारे फक्त माणूस आणि माल दोन्ही दिसत असतील तेव्हाच वापरायचे.

शेजारची क्रेन

एकाच प्लॉटवर दोन-तीन क्रेनच्या जिब एकमेकींवरून जात असतील तर वरच्या क्रेनचा सर्वांत खालचा भाग आणि खालच्या क्रेनचा सर्वांत वरचा भाग यांत किमान २ मीटर मोकळे हवेत. धोका बहुधा वरच्या क्रेनच्या रोपचा असतो: हुक खाली असतो आणि खालच्या क्रेनची जिब त्या रोपला येऊन धडकते. म्हणून वरच्या क्रेननं हुक पूर्ण वर घेतल्याशिवाय सामायिक भागात शिरायचं नाही. अँटी-कोलिजन सिस्टिम (टक्कर टाळणारी यंत्रणा) असली तरी दोन्ही ऑपरेटर एका चॅनेलवर हवेत. विमानतळाच्या आसपास, म्हणजे अंधेरी, पार्ले, कुर्ला या पट्ट्यात, क्रेनची एकूण उंचीही परवानगीत बसवावी लागते. तिथे क्रेन उंच करायच्या आधी मंजूर आकडा विचारून घ्या, आणि टोकावरचे लाल दिवे रात्री लागतात ना ते रोज बघा.

वारा

अनेक टॉवर क्रेनसाठी चालू कामातली कमाल मर्यादा २० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ७२ किलोमीटर प्रति तास अशी दिलेली असते. ती क्रेनची मर्यादा आहे, मालाची नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. २.४ बाय ३ मीटरच्या शटरिंग पॅनेलवर ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात सुमारे ४५ किलोचा ढकला बसतो, ७२ च्या वाऱ्यात १८०. टॅगलाइन (माल आवरायला त्याला बांधलेली दोरी) धरलेली दोन माणसं एवढा जोर रोखू शकत नाहीत. म्हणून पॅनेल, पत्रे, काचा यांच्यासाठी साइटनं कमी मर्यादा ठरवून लिहून ठेवलेली असावी. नसेल तर मागून घ्या.

वाऱ्याचा मीटर क्रेनच्या टोकावर असतो आणि खालच्या इंजिनिअरला पान हलताना दिसत नाही. वाद झाला तर मीटरचा आकडा सांगा, तुमचा अंदाज नाही. सरासरीपेक्षा झोताकडे लक्ष द्या. मुंबईत धोक्याची वेळ भर पावसाळ्याइतकीच मे महिन्याच्या दुपारी असते. १३ मे २०२४ ला दुपारी अचानक धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरला प्रचंड होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं. तौक्ते चक्रीवादळात १७ मे २०२१ ला कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचे झोत नोंदले गेले. वादळाचा इशारा आधी मिळतो, दुपारच्या धुळीला तो वेळ मिळेलच असं नाही. क्षितिजावर मातकट भिंत दिसली, वारा एकदम पडला आणि मग दिशा बदलली, तर हुकावरचा माल जवळच्या मोकळ्या जागी ठेवा आणि क्रेन मोकळी करा, म्हणजे स्विंग ब्रेक सोडून जिब वाऱ्याबरोबर फिरू द्या.

विजांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं बनवलेलं दामिनी अ‍ॅप फोनमध्ये ठेवा. ते २० आणि ४० किलोमीटरच्या परिसरातल्या विजा दाखवतं. वीज जवळ असताना शिडी उतरू नका. केबिन बंद करून आत बसा, लोखंडाला टेकू नका आणि खालच्यांना हुक, रोप, मास्ट यांपासून लांब ठेवा.

क्रेन उंच करताना

मोकळी उभी राहायची उंची संपली की क्रेन इमारतीला टायनं बांधून वर नेतात. क्लाइंबिंग केज वरचा भाग हायड्रॉलिक जॅकनं उचलतो आणि मधे नवा सेक्शन सरकवला जातो. त्या वेळी वरचा भाग मास्टला बोल्टनं जोडलेला नसतो, फक्त तोलावर उभा असतो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या रेडियसवर ठरलेलं वजन टांगून पुढचं-मागचं समतोल करतात. त्यानंतर स्विंग पूर्ण बंद. ऑपरेटरनं जॉयस्टिकवरून हात काढून घ्यायचे आणि क्लाइंबिंगच्या प्रमुखानं नाव घेऊन सांगितल्याशिवाय काहीही हलवायचं नाही. ट्रॉली अर्धा मीटर सरकली तरी तोल जातो. वाऱ्याची मर्यादा इथे रोजच्या कामापेक्षा बरीच कमी असते. काम अर्धवट ठेवून जेवायला जायचं नाही.

शरीर

उतरायला वेळ लागतो म्हणून पाणी कमी पिणं ही ऑपरेटरांची जुनी सवय, आणि ती मुतखड्याला आमंत्रण देते. एसी नसलेल्या केबिनमध्ये मे महिन्यात तीन-चार लिटर पाणी आणि ओआरएस हवंच. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची वेगळी बाटली लघवीसाठी ठेवा आणि ती शिफ्ट संपल्यावर खाली न्या. वरून काहीही फेकायचं नाही. डबा कोरडा आणि हलका असावा. तळलेलं खाऊन दुपारी दोनच्या उन्हात झोप आवरत नाही. डोळे सतत खाली लावल्यानं मान आखडते, त्यामुळे माल बांधला जात असताना नजर लांब टाका. बारा तासांच्या शिफ्टला मधे सुटका देणारा दुसरा ऑपरेटर नसेल तर तो मागा. रात्रभर स्लॅब झाल्यावर सकाळी पुन्हा बसायला नकार द्या. बांधकाम कामगारांच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत क्रेन ऑपरेटरची वैद्यकीय तपासणी कामावर घेण्याआधी, नंतर चाळिशीपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करायची असं आहे. नजर आणि कान तपासून घ्या, चष्मा लागला तर लपवू नका.

आजारी पडलेल्या ऑपरेटरला खाली कसं आणायचं हे साइटवर कोणाला माहीत आहे ते पहिल्याच आठवड्यात विचारा. स्ट्रेचर आणि उतरवायचा दोर कुठे ठेवलाय, तो कोण वापरतो, याचा सराव झाला आहे का? नसेल तर सेफ्टी ऑफिसरकडून तारीख घ्या.

उतरताना

हुक रिकामा करून वर घ्या. ट्रॉली मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी, बहुतेक क्रेनवर मास्टजवळ, आणून ठेवा. स्विंगमुळे केबलला पडलेले पीळ उलगडून मधल्या स्थितीत या. मग स्विंग ब्रेक मोकळा करा, म्हणजे वारा येईल तशी जिब फिरेल. काही क्रेनवर हे बटणानं होतं आणि ते पॉवर बंद करायच्या आधीच दाबावं लागतं, काहींवर हातानं लिव्हर ओढावा लागतो. नुसतं बटण दाबून निघू नका. जिब खरंच मोकळी फिरतेय का ते बघा. ब्रेक लागलेली जिब वादळात आडव्या वाऱ्याला पूर्ण अंग देते आणि मास्टवर न पेलणारा पीळ पडतो. पूर्ण ३६० अंशांत कोणतीही इमारत, मचाण किंवा दुसरी क्रेन आड यायला नको. जिब इमारतीला दोरीनं बांधायची नाही, आणि सणाचा बॅनर तिच्यावर लावायचा नाही. लफिंग क्रेनची जिब मॅन्युअलमधल्या कोनातच ठेवायची, फार उभी ठेवली तर वारा ती मागे ढकलू शकतो.

केबिनच्या खिडक्या, पॅनेलचं दार, मेन स्विच बंद करा. लाल दिव्यांचा पुरवठा वेगळा असतो, तो चालू आहे ना ते बघा. खाली आल्यावर लॉगबुकमध्ये तास, दिवसातला सर्वांत जड माल आणि त्याचा रेडियस, वाऱ्याचा सर्वांत मोठा आकडा, कोणता लिमिट कधी बोलला, कुठला नवा आवाज आला ते लिहा. समुद्राजवळच्या साइटवर रोप खारट हवेनं लवकर गंजतो, म्हणून रोपवर तुटलेल्या तारा, फुगवटा, पीळ किंवा कोरडेपणा दिसला असेल तर किती मीटरवर ते नोंदवा. पुढच्या शिफ्टचा ऑपरेटर चढायच्या आधी त्याला हे तोंडीही सांगा.